चालवणाऱ्याने वेळ बघायची नाही

कंपनीने छापलेल्या कागदावर माझा विश्वास नाही. न छापता तोंडी सांगितलेल्यावर तर त्याहून नाही. सत्तावीस वर्षं मी एका मोटार-मासिकासाठी गाड्या तपासतोय आणि कचेरीत मला सगळे शंकेखोर म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे निदान त्याबद्दल तरी शंका उरलेली नाही.

त्या आठवड्यात आलेली गाडी दोन दारांची, करड्या रंगाची कूपे होती. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्यावर सुपरचार्जर, तीनशे ऐंशी हॉर्सपॉवर, हाताने टाकायचे सहा गिअर. शून्यावरून शंभरवर चार पॉइंट आठ सेकंदांत जाते, असं कंपनीचं म्हणणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुपरचार्जर म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंप. टर्बोही तेच करतो, पण तो इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतो, म्हणून पाय दाबल्यावर त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. पाय दाबला की गाडी सुटलीच, तिथे सबब चालत नाही.

आदल्या दिवशी मी ती वजनकाट्यावर नेली. मासिकवाल्यांना द्यायच्या गाडीतून वजन हळूच काढून घेणारे महाभाग मी पाहिलेत. काटा एक हजार पाचशे अठरा किलो म्हणाला, कागदावर वीस होतं. दोन किलोंसाठी भांडण्याइतका मी वाईट नाही. पेट्रोल माझ्या नेहमीच्या पंपावर भरलं. मग बॉनेट उघडून सुपरचार्जरच्या पुलीभोवती दोरा गुंडाळला, कारण ही पुली लहान बसवली की पंप जास्त वेगाने फिरतो आणि कागदावर नसलेली ताकद येते. दोरा पंचवीस सेंटीमीटर आणि केसभर भरला. म्हणजे व्यास आठ सेंटीमीटर, पुस्तकात होता तेवढाच. गाडी प्रामाणिक निघाली आणि मला रात्रभर चुटपुट लागून राहिली.

सकाळी वापरात नसलेल्या धावपट्टीवर पोहोचलो तर गाडी आधीच तिथे होती. मेहुणा नेहमी माझ्याआधी तासभर जातो आणि टायर तापवून ठेवतो. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. दोन नोकऱ्या जाऊन घरी बसला होता, तेव्हा अकरा वर्षांपूर्वी मीच त्याला मासिकात चिकटवला. मी गाडी चालवतो, तो शेजारी मांडीवर यंत्र घेऊन बसतो, वेळ वाचून वहीत लिहितो. चालवणाऱ्याने वेळ बघायची नाही हा नियम माझा. माणूस आपल्याच आकड्याच्या प्रेमात पडतो, मग काय वाटेल ते करतो.

कंपनीचा एक माणूसही आला होता, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. तो आणि मेहुणा भिंतीच्या सावलीत डोकी जवळ घेऊन बोलत होते. मी जवळ गेलो तसे दोघे गप्प झाले. पांढऱ्या शर्टाने मला हवापाणी विचारलं. हवापाणी विचारणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहतो.

आम्ही चार फेऱ्या मारल्या. क्लच सोडायचा, पाय तळाला न्यायचा, साठच्या पुढे दुसरा गिअर, शंभर. तेवढंच काम. पंपाची बारीक शिट्टी पहिल्यापासून कानात शिरत होती. मेहुण्याने आकडे सांगितले, चार पॉइंट आठ, चार पॉइंट नऊ, पुन्हा आठ, पुन्हा आठ. कंपनी म्हणाली तेच, अगदी आज्ञाधारक. पण माझ्या पाठीला ते पटेना. चार पॉइंट आठचा धक्का कसा असतो हे पाठीला माहीत आहे, आणि तो बसला नव्हता.

पाणी कुठेतरी मुरत होतं. मेहुणा उतरून पुन्हा त्या शर्टाकडे गेला, यंत्र सीटवर राहिलं. मी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझाच नियम मोडला. यंत्र सगळ्या फेऱ्या लक्षात ठेवतं. शेवटच्या चार फेऱ्या होत्या पाच पॉइंट चार, पाच पॉइंट तीन, पाच पॉइंट चार, पाच पॉइंट पाच. वहीत मेहुण्याच्या टपोऱ्या अक्षरात चार पॉइंट आठ.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. गाडी ढिली, कंपनी खोटी, आणि तिचा खोटेपणा माझ्या नावाने छापायला माझ्याच घरचा माणूस मदत करत होता. संपादकांना सांगितलं तर त्याची नोकरी जाणार होती आणि बायकोला तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. न सांगावं तर वाचक माझ्या आकड्यावर जन्माची कमाई घालून गाडी घेतात. आपलेच दात, आपलेच ओठ. मला त्याचा भयंकर राग आला.

मी त्याला हाक मारली. तो वाकून खिडकीशी आला आणि माझ्या हातातलं यंत्र बघून जागीच थिजला. मी विचारलं,

"कधीपासून आहेस त्यांचा माणूस?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो हसला नाही की रागावला नाही. फक्त दार उघडून म्हणाला,

"दाजी, तुम्ही इकडे बसा. यंत्र तुमच्याकडेच ठेवा."

मी शेजारच्या सीटवर सरकलो. काय लबाडी करतो ते बघूच, म्हणून यंत्रावरून नजर हलवली नाही. त्याने क्लच सोडला आणि माझं डोकं मागे आपटलं. दुसरा गिअर कधी पडला ते कळलंही नाही. यंत्राने चार पॉइंट आठ दाखवले. परत फिरून त्याने पुन्हा तेच केलं, पुन्हा चार पॉइंट आठ. त्याच गाडीत, त्याच टायरवर, त्याच पट्टीवर.

इंजिन बंद झालं. मी वजन तपासलं होतं, पेट्रोल तपासलं होतं, पुलीला दोरा लावला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ढिला मी होतो.

"तीन वर्षं झाली," तो समोर बघत म्हणाला. टर्बोच्या गाड्यांत मी ढिला पडल्याचं फारसं कळायचं नाही, माझा उशीर टर्बोच्या उशिरात खपून जायचा. पण सुपरचार्जर वाट बघत नाही, तिथे माझा पाय आणि हात उघडे पडले. वहीतले आकडे त्याने मनाने लिहिले नव्हते. दर चाचणीला माझ्याआधी येऊन तो नुसते टायर तापवत नव्हता, खऱ्या फेऱ्या मारत होता आणि तेच आकडे मला वाचून दाखवत होता. पांढऱ्या शर्टाशी कुजबुज तेवढ्यासाठीच होती, एकट्याने चालवायची परवानगी. म्हणजे छापलेला एकही आकडा खोटा नव्हता. खोटं होतं त्याखालचं चालकाचं नाव, आणि ते माझं होतं.

मला सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही आधी यंत्रावर संशय घेतला असता, मग माझ्यावर," तो म्हणाला. "घेतलाच ना आज. आणि तुम्ही मला उभं केलंत, दाजी. मी तुम्हाला बसा कसं म्हणणार?"

मला लाज वाटली. सत्तावीस वर्षांत जगातल्या प्रत्येक बोल्टवर शंका घेणाऱ्या मला एकदाही स्वतःचा हात तपासावासा वाटला नव्हता. आणि माझी अब्रू सांभाळणाऱ्या माणसाला मी दहा मिनिटांपूर्वी विकला गेलेला ठरवलं होतं. मी माफी मागितली. तो राहू द्या म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

मी वही घेतली. चालकाच्या रकान्यातलं माझं नाव खोडून त्याचं लिहिलं, वेळ घेणाऱ्याच्या रकान्यात माझं लिहिलं, आणि खाली लिहिलं की मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या चाचण्यांतही असंच वाचावं. त्याच्यापुढे सहीसाठी धरली. त्याने तो मजकूर दोनदा वाचला, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी ओळखतो, सत्तावीस वर्षं मीच ती लोकांवर रोखत आलोय.

"हे खरंच छापणार?" त्याने विचारलं. "का घरी जाईपर्यंतच?"

त्याचं चुकत नव्हतं. मी खिशातून फोन काढला, त्याला ऐकू येईल असा मोठा आवाज ठेवला आणि संपादकांना लावला.