चार जुलैला पोहलेला गरुड

मी अलास्काच्या धक्क्यावरचा गरुड बोलतोय. तोच, अमेरिकेच्या नाण्यावर पंख पसरून बसलेला. नाणं कोरणाऱ्याचे उपकार मानतो. मी जेवतो त्या धक्क्यामागच्या कचरापेटीकडे तो कधी आला नाही.

इंग्रजीत मला टकला गरुड म्हणतात, पण डोक्यावर पांढरी पिसं दाट आहेत. आवाज म्हणाल तर कोंबडीच्या भेदरलेल्या पिल्लासारखा. शिकार येते हो. पण दुसऱ्यानं धरलेला मासा हिसकावणं स्वस्त पडतं.

यंदा मात्र पेच आला. वादळ सुटलं आणि घरट्यातलं एकुलतं पिल्लू दोन दिवस उपाशी. चार जुलैला, देशाच्या वाढदिवशी, धक्क्यावर मिरवणूक जमली. राष्ट्रगीत सुरू झालं, टोप्या उतरल्या, आणि नेमका तेव्हाच मला खाली भलामोठा सॅमन दिसला. नखं रोवली. मासा उचलेना. सगळ्यांदेखत मी धपकन पाण्यात!

लोक सांगतात, गरुडाची नखं माशात अडकतात. खोटं. नखं सुटतात, हाव सुटत नाही. त्या दिवशी हावेच्या जोडीला पिल्लूही होतं. मी पंखांची वल्ही मारत किनाऱ्याकडे निघालो.

धक्क्यावर हर्मनआजोबा हसून लाल. हे त्लिंगित लोक, अलास्काचे मूळ रहिवासी. आजोबा डोमकावळ्याच्या कुळातले, बायको एल्सीआजी गरुडाच्या. त्यांच्यात लग्न पलीकडच्या कुळातच होतं.

“अगं, तुझा दादा बघ! राष्ट्रगीत चाललंय आणि हा आंघोळ करतोय.”

“हसा! तुमचे भाऊबंद आधीच पंगतीला बसलेत.”

खरंच, खडकावर चार डोमकावळे टपले होते. मी कसाबसा किनाऱ्याला लागलो. पंख भिजून जड. उडणं सोडाच, उभंही राहवेना. कावळे माशावर तुटून पडले.

एल्सीआजी तरातरा खाली उतरल्या आणि हातातल्या कागदी झेंड्याच्या काठीनं त्यांना हाकलू लागल्या.

“हट्! माझ्या माहेरचा आहे तो!”

“अगं, मिरवणूक पुढे गेली!”

“जाऊ द्या. हा वाळेपर्यंत मी इथंच. तुम्ही तुमची पोरं आवरा.”

तासभर उभ्या होत्या. मग अर्धा मासा तोडून घेऊन मी उडालो. उरलेला कावळ्यांना, सोयरिकीत तेवढं चालायचंच. पिल्लानं काही न विचारता सगळा गिळला.

नाण्यावरची माझी ऐट तशीच राहू द्या. पण कधी पोहताना दिसलो, तर पोटभर हसा. फक्त हसता हसता तेवढे कावळे हाकला.