शेवटी ठेवलेलं नाव

चिमा हरवली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना स्वतःची बाजू घ्यायचा मोह होणार नाही.

साल पंच्याऐंशी. रत्नागिरीहून एसटीनं दीड तास आणि पुढे पाऊण तास पायी, अशा वाडीतली आमची दोन शिक्षकी शाळा. मी, विमलाबाई, मुख्याध्यापिका. पहिली आणि चौथी माझ्याकडे, दुसरी-तिसरी रघुनाथ गुरुजींकडे. माझी नोकरी सव्वीस वर्षांची. मी ओसरीवर चप्पल काढली की आतला गलका बंद पडायचा. तपासणीला येणारे साहेब शेरेबुकात 'शिस्त उत्तम' असं लिहून जायचे आणि मी तो शेरा चारचारदा वाचायची.

रघुनाथ गुरुजी पावसचे, वय तेवीस, पहिलीच नेमणूक. आंब्याच्या बागेत वाढलेला माणूस, आवाज इतका मऊ की मागच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही. त्यांच्या वर्गात पोरं खिडकीतून जा-ये करायची. परीक्षा तोंडावर आली तशी ती जास्तच उंडारली. मार्चमध्ये एके दिवशी गुरुजी कपाळाचा घाम पुसत माझ्याकडे आले.

"बाई, ऐकतच नाहीत हो. पाढे निम्म्या पोरांचे कच्चे आहेत. काय करू?"

"जो ऐकणार नाही त्याला माझ्याकडे पाठवा," मी म्हटलं.

त्यांनी दोघांना पाठवलं. तिसऱ्याला पाठवलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुमच्याकडून परत आलेली पोरं दिवसभर तोंडच उघडत नाहीत, बाई. मग मी शिकवू कुणाला?" मी त्यांना तोंडावर मेणचट म्हटलं. नव्या माणसाला हात द्यायचा म्हणजे आपली काठी त्याच्या हाती द्यायची, एवढंच मला ठाऊक होतं.

चिमा त्यांच्या तिसरीतली. तुळसाची मुलगी, नऊ वर्षांची, चुरचुरीत. बाप मुंबईला. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी पटसंख्येचा तक्ता मागायला गुरुजींच्या वर्गापाशी गेले, तर आत हशा पिकला होता. चिमा खुर्चीवर उभी. खांद्यावर पंचाचा पदर, हनुवटी वर, एक बोट रोखलेलं. "कान पकड! पकड म्हणते ना! माझ्यासमोर डोळे वर करतोस?" आवाज माझा, मान झटकणं माझं. गुरुजीसुद्धा तोंडावर हात धरून हसत होते.

खरं सांगते, नक्कल हुबेहूब होती. हुबेहूब होती, याचाच मला राग आला. वाईट केली असती तर मी एक धपाटा घालून विसरले असते.

मी तिला मारलं नाही. दारातूनच म्हटलं, "निकालाच्या दिवशी बघते तुझ्याकडे."

त्यानंतर चिमा एकदम सरळ झाली. हात बांधून बसायची, खाली मान. मी गुरुजींना टोमणा मारला, "बघा, एका वाक्यात काम झालं."

"बाई, ती आठ दिवस डबा खात नाहीये," गुरुजी म्हणाले.

"उन्हाळा आहे," मी म्हटलं आणि विषय संपवला.

तिसरीचे पेपर गुरुजींनी तपासले, बेरजा मी पडताळल्या. चिमा वर्गात पहिली होती. गणितात पन्नासपैकी सत्तेचाळीस.

निकाल एक मेला. झेंडावंदन झालं की पोरं ओसरीसमोर मातीत रांगेनं बसायची, पाठीमागे आया उभ्या राहायच्या. आमच्या शाळेत फक्त पास झालेल्यांची नावं वाचायची रीत होती, तीही हजेरीपटाच्या क्रमानं. नापासाचं नाव घ्यायचं नाही, उगाच चारचौघांत पोराची शोभा नको, असं पूर्वीच्या हेडमास्तरांनी ठरवलेलं. प्रत्येक पोराला आपला नंबर पाठ असायचा. आपल्या पुढचं नाव झालं आणि त्यानंतर आपल्या मागचं आलं, की ज्याचं त्याला कळायचं.

त्या दिवशी मी चिमाचं नाव मुद्दाम गाळलं. तिला नापास करायचं नव्हतं हो. सगळी नावं झाली की तिला पुढे बोलवायचं, नकलेबद्दल दोन शब्द सुनवायचे आणि मग पहिला नंबर जाहीर करायचा, असं मी मनात जुळवलं होतं. पाच-दहा मिनिटं घामाघूम होऊ दे, जन्मभर लक्षात ठेवील. गुरुजी कानाशी कुजबुजले, "बाई, चिमाचं राहिलं." मी यादीवरची नजर न काढता म्हटलं, "असू दे. ते शेवटी."

तिसरीची यादी संपली, मग चौथीची. नंतर मी चष्मा पुसला, जरा थांबले आणि मोठ्यानं हाक मारली, "चिमा, पुढे ये!"

कुणी उठलं नाही. तिच्या जागेवर पाटी तेवढी पालथी पडलेली.

"ती मगाशीच गेली," शेजारची पोरगी म्हणाली. "रडत नव्हती. नुसती उठली नि गेली."

मला आधी रागच आला. न विचारता उठते म्हणजे काय! पण तुळसा गर्दीतून पुढे आली आणि तिचा चेहरा बघून माझा राग जागच्या जागी विरला.

"बाई, माझी पोर नापास झाली काय?"

"नाही गो. पहिली आलीय."

"मग नाव का नाय वाचल्यात?"

तुळसा खालीच बसली. "काल तिच्या बापाचा कागद आलाय. पोर नापास झाली तर शाळा बस झाली, परळला आत्याकडं तिचा पोर सांभाळायला धाडायची, असा लिवलान हाय. तिनंच वाचून दाखवलान मला. रातभर जागी व्हती. म्हनत व्हती, आये, मी नाय जायची, मी त्यापरीस बावीत उडी घेईन."

मी आयुष्यात पोरांच्या तोंडची अशी बोलणी ढीगभर ऐकली होती आणि 'नाटकं' म्हणून उडवून लावली होती. त्या क्षणी मात्र मला फक्त बाव दिसत होती.

आम्ही पळालो. मी कधी पळत नसे, पोरांसमोर तर नाहीच. त्या दिवशी निऱ्या हातात धरून पळाले. बाव, वाडीची पाण्याची विहीर, खालच्या आळीत, कठडा गुडघ्याएवढा. मी वाकले. मे महिन्याचं पाणी पार तळाला गेलेलं, हिरवट. त्यात काहीतरी पांढरं तरंगत होतं. मी त्याकडे बोट दाखवलं. गुरुजी दोरीला धरून अर्धे आत उतरले आणि वर बघून म्हणाले, "फडकं आहे, बाई. फडकं आहे."

मी कठड्यावर हात टेकून उभी राहिले. सुटले असं वाटायला हवं होतं, पण बावीत नाही म्हणजे कुठे? खाली पऱ्याचा ओहोळ कोरडा, रस्त्याला एसटी दुपारी तीनची. तुळसा घराकडे धावली, बाकीच्या बाया काजूच्या बागेकडे. एवढ्यात वाडीतली गंगुबाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन सड्याची वाट उतरत आली.

"तुळसाची पोर काय? ती वर खाणीकडं गेली. मी हाक मारली तर वळली पण नाय."

वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, जांभ्या दगडाची जुनी चिरेखाण होती, दोन वर्षं बंद पडलेली. चिरे कापून कापून सरळ उभा कडा झालेला, तीन माणूस खोल आणि तळाला फुटक्या चिऱ्यांचा खच. तिथं गुरं पडून मेलेली मी पाहिली होती.

तो चढ मी कसा चढले मला आठवत नाही. कातळ तापलेला, गवत जळून गेलेलं. चप्पल वाटेत कुठे सुटली तेही कळलं नाही. मनात एकच घोळत होतं, पाच-दहा मिनिटं घामाघूम होऊ दे. हे मीच ठरवलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीनं माझ्यासारखं बोलून दाखवलं म्हणून.

चिमा खाणीच्या काठावर होती. पाय आत सोडून, पाठमोरी बसलेली. मला इतकं हायसं वाटलं की मी होते तशी ओरडले, "चिमे!"

ती दचकून उभी राहिली. वळली. मला पाहिलं आणि तिच्या तोंडाचा रंगच उडाला. ती एक पाऊल मागे सरकली. टाचेखालचे खडे सुटले आणि खाली कुठेतरी जाऊन वाजले.

"थांब!" मी म्हटलं आणि पुढे झाले. ती आणखी मागे सरकली. अर्धं पाऊल. तेवढीच जागा उरली होती.

मी जागच्या जागी थिजले. तिचे डोळे माझ्यावर खिळलेले. मागे काय आहे याचं तिला भान नव्हतं, भीती पुढच्या बाजूची होती. ती भीती माझी होती. सव्वीस वर्षं मी जी जरब मिरवली ती माझ्यासमोर उभी होती आणि मी हलले की एकेक पाऊल मागे जात होती.

"बाई," गुरुजी माझ्या खांद्यामागून अगदी हलकं बोलले, "तुम्ही मागे व्हा. तिला दिसणार नाही अशा."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्यांना सुनावलं असतं. त्या दिवशी मी उलट्या पावलांनी मागे गेले. मागे वाट खाली वळते तिथे करवंदीची जाळी होती, तिच्या आड जाऊन बसले. काटे दंडात रुतले. पानांतून मला चिमाचे पाय दिसत होते, तेवढेच.

गुरुजी तिच्याकडे गेले नाहीत. ते होते तिथेच कातळावर मांडी घालून बसले, शाळेत फळ्याखाली बसायचे तसे.

"चटके बसतायत गो," ते म्हणाले. "तुला नाही बसत?"

तिच्या पायांची बोटं आखडली.

"चिमा, तू पास झालीस. पहिली आलीस."

"खोटा," ती म्हणाली. "बायनी माजा नाव नाय वाचलान."

मी डोळे मिटले. आता ते खरं सांगणार, की बाईंनी मुद्दाम गाळलं.

"यादी मी लिहिली," गुरुजी म्हणाले. "तुझं नाव लिहायचं माझ्याकडून राहिलं. बाईंनी लिहिलंय तेवढंच वाचलं. चूक माझी."

तिला ते पटत होतं, हे मला बसल्या जागी कळलं. गुरुजी चुकतात हे त्या वर्गातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं, फळ्यावरची त्यांची बेरीज पोरंच सुधारायची. मी कधी चुकत नाही, अशी समजूत त्यांना मीच करून दिली होती.

"गणितात?" तिनं विचारलं.

"सत्तेचाळीस. तीन कुठे गेले सांगू? ये इकडे, मातीत गणित मांडून दाखवतो."

एक पाय हलला. थांबला.

"बाय कुटं गेल्या?"

माझा जीव टांगणीला लागला. गुरुजींनी जाळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"गेल्या त्या. खाली शाळेत."

"खरा?"

"खरं."

मग पाय पुढे आले. एक, दोन, तीन. माझ्या नजरेतून कडा सुटला आणि चिमा गुरुजींच्या समोर जाऊन बसली. त्यांनी तिचा हात धरला नाही. काटकीनं मातीत आकडे मांडले. तिनं वाकून पाहिलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "हातचा इसारले मी." त्यानंतर ती रडली, मोठ्यानं, आणि गुरुजींनी तिला रडू दिलं.

उठताना ती म्हणाली, "बायना सांगू नका, मी हिकडं आलेली."

"नाही सांगणार," गुरुजी म्हणाले.

ती दोघं वाट उतरायला लागली. ती माझ्यापासून दहा पावलांवरून गेली. मला धावत जाऊन तिला पोटाशी धरायचं होतं, इतकं की तोंडातून आवाज फुटू नये म्हणून मी पदराचा बोळा दातात धरला. ती दोघं खाली दिसेनाशी होईपर्यंत मी त्या काट्यांत हलले नाही, कारण चिमानं मागे वळून मला पाहिलं असतं, तर ती पुन्हा पळाली असती.