ओकबुनची फळी

मित्रांनो, माझ्या एका अंगावर कोबी चिरल्याचे व्रण आहेत आणि दुसऱ्या अंगावर काळी शाई आहे. मी नाशपातीच्या लाकडाची जुनी फळी. त्या शाईपायी मी कोर्टाची पायरी चढले.

इंचॉन शहरात ओकबुन नावाच्या गिरणी कामगारणीच्या घरी मी राहत होते. तिची आई माझ्यावर किमचीच्या लोणच्यासाठी कोबी चिरत असे. एका वसंतात संघटना काढली म्हणून ओकबुनसह साठ बायकांना गिरणीबाहेर काढले. त्याच आठवड्यातल्या रविवारी मोठ्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी देशावर राज्य करणाऱ्या जनरलला शेजारी बसवून त्याच्यासाठी प्रार्थना केली. दाद मागायला गेलेल्या बायकांना मात्र फाटकावरच अडवले.

ओकबुनने घरी येऊन मला पालथे घातले आणि कोरणी हाती घेतली. फार दुखले. पण चित्र उमटले तेव्हा माझा ऊर भरून आला. आत जनरल आणि पाळक मेजवानीला बसले आहेत. बंद फाटकाबाहेर, डोक्याला गिरणीतल्या बायकांचा रुमाल बांधून येशू उभा आहे! मला शाई फासून, वर भातवाढणीने कागद घासून तिने माझे छाप काढले. ईस्टरच्या सकाळी ते चर्चच्या भिंतीभर झळकले. दुपारी पोलिसांनी तिला धरले आणि मलाही.

कोर्टात पाळकसाहेब तिच्यावर ओरडले. "प्रभूला गिरणीतली बाई केलंस! लाज नाही वाटली?"

"प्रभू सुतारकाम करायचे, पाळकसाहेब," ओकबुन म्हणाली. "कामगारच की! तुमच्या फाटकावर त्यांनाही अडवलं असतंत."

मागे कोणीतरी फिस्सकन हसले, मग सगळे कोर्टच हसले. तिला दीड वर्षाची कैद झाली. मी ठाण्याच्या कपाटात गेले.

तिची आई दर सोमवारी ठाण्यात येई. "चित्र ठेवा तुम्ही. फळी माझी आहे. कोबी काय मांडीवर चिरू?"

"आजी, दोन्ही एकच आहे हो!" फौजदार कपाळाला हात लावी.

"मग वेगळं करून दाखवा!"

मला वाटले, आपण आता इथेच कुजणार. पण बाहेर बाकीच्या एकोणसाठ जणींनी आपापल्या घरच्या फळ्या पालथ्या घालून तेच चित्र कोरले होते. पोलिसांनी एक जप्त करावी, तर दोन नव्या निघत. कपाटात माझ्या इतक्या बहिणी आल्या की दारच लागेना.

पुढच्या वर्षी जूनमध्ये जनरलविरुद्ध सारे शहर रस्त्यावर उतरले आणि सरकारला नमावे लागले. जुलैत ओकबुन मुदतीआधीच सुटली. त्या दिवशी चर्चमधल्या बायकांनीच पाळकांकडून किल्ली मागून घेतली, फाटक सताड उघडले आणि माझे चित्र तीन मजले उंच कापडावर रंगवून घंटाघरावरून खाली सोडले. फौजदाराने मला स्वतः काखोटीला मारून तिथे आणले. ओकबुनने मला डोक्यावर उचलले, तेव्हा गर्दीचा आवाज माझ्या लाकडात घुमला.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. वाळवीपासून मला जपा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. पण नुसती जपून ठेवू नका. शाई लावा, कागद घासा, छाप काढून बघा. माझी एकही रेघ झिजलेली नाही.