दोन माणसं हवीत

टेम्पोवाल्याने खिडकीतून दोन बोटं दाखवली आणि द्वारका चौकातल्या मजूर नाक्यावरची चाळीसएक माणसं टेम्पोवर तुटून पडली. धम्मपालने शेजारच्याच्या बरगडीत कोपर घातलं, कुणाचा तरी शर्ट टरकावला आणि चाकाजवळून वर चढला. मालेगावचा मुबीन त्याच्या आधीच चढला होता. दोन माणसं झाली. टेम्पो हलला.

तेवढ्यात खालून नाक्यावरच्याच बारकूने धम्मपालचा पाय धरला.

"उतर," तो म्हणाला. "काल तू गेलता. आज माझी पाळी हाय."

ते खरं होतं. धम्मपालने दुसऱ्या पायाने त्याच्या तोंडावर लाथ मारली. नाक फुटलं, पण पकड सुटेना. दुसरी लाथ कपाळावर बसली तसा बारकू खाली आपटला आणि मागचं चाक त्याच्या उजव्या हाताच्या पंजावरून गेलं. टेम्पो थांबला नाही. धम्मपालनेही थांबवायला सांगितलं नाही.

एकोणीस वर्षं तो अंबडच्या एका कारखान्यात मोटारींची दारं वेल्डिंग करत होता. गेल्या दिवाळीत त्याच्या लाइनवर रोबो बसले आणि सहाजणांना घरी पाठवलं. नवीन काहीतरी शिका, असं साहेबाने सांगितलं होतं. शिकवणाऱ्यांना तिशीच्या आतली पोरं हवी होती, धम्मपाल सत्तेचाळीसचा. मुबीनच्या मालकाचं कापड खपेना, म्हणून माग बंद पडले होते. सुरगाण्याच्या बारकूला द्राक्षाच्या छाटणीपासून तोडणीपर्यंत काम असे, पावसाळ्यात काही नसे. नाक्यावर कोण कशाने बेकार झाला याची चौकशी कुणी करत नसे. टेम्पो आला की सगळे सारखेच धावत.

दिवसभर धम्मपालने एका जुन्या बंगल्याच्या भिंती फोडल्या. घण असा घालत होता की मुकादमानेच त्याला दमाने घ्यायला सांगितलं. मुबीन जेवायला लांब बसला. निघताना एवढंच म्हणाला, "उसका हाथ गया, धम्मपालभाई."

दुसऱ्या दिवशी धम्मपाल नाक्यावर गेला नाही. सरकारी दवाखान्यात गेला. बारकूच्या खाटेशी त्याची बायको नवसाबाई बसली होती. तिने कोण म्हणून विचारलं.

"लाथ मारणारा मीच," धम्मपाल म्हणाला.

तिने पायातली चप्पल काढली. गालावर, डोक्यावर, मानेवर, दिसेल तिथे हाणत सुटली. धम्मपालचा ओठ फाटला, हनुवटीवरून रक्त ओघळलं. त्याने हात वर केला नाही. शेवटी शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या दोन बायांनी तिला ओढून बसवलं.

"आता छाटणीची कात्री कोण धरंल?" ती धापा टाकत विचारत होती. "सांग ना. कोण धरंल?"

त्याच वेळी हवालदार जबाब घ्यायला आला. पाय घसरून पडलो, असं बारकूने आदल्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं होतं. तेच त्याने पुन्हा सांगितलं.

"घसरला नाही, साहेब," धम्मपाल म्हणाला. "मी लाथ मारली."

बारकूने मान वळवली. "कशाला बोल्लास? केस झाली का तारखा येतील. सुरगाण्यावरनं कोण येनार तारखेला?"

"माझं नाव लिहा, साहेब."

हवालदाराने लिहिलं. मग बारकूला धंदा विचारला. आता काही नाही, छाटणी लागली का असतं, असं बारकू म्हणाला. हवालदाराने 'बेकार' लिहिलं. धम्मपालच्या तोंडात 'वेल्डर' आलं होतं, ते त्याने रक्ताबरोबर गिळलं. त्याच्या नावापुढेही तोच शब्द पडला.

"सही येते?" हवालदाराने बारकूपुढे पेन धरलं.

बारकूने बँडेजच्या गाठोड्याकडे पाहिलं. "येत व्हती."

हवालदाराने पेन खिशाला लावलं आणि शाईची डबी काढली. बारकूला डाव्या हाताचा अंगठा कागदावर नीट टेकवता येईना. मनगट धरायला धम्मपाल पुढे झाला. नवसाबाईने त्याचा हात बाजूला सारला. नवऱ्याचा अंगठा तिने स्वतः धरला आणि कागदावर दाबून ठेवला.