बिनचहाचा रविवार

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. ॲल्युमिनियमची, चाळीस कपांची, आणि खरं सांगायचं तर थोडी गर्विष्ठ. कारखान्यातून मी बाजारात आले आणि तिथून पाळकबाईंनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मला चर्चमध्ये आणलं. तेव्हापासून दर रविवारी उपासना संपली की व्हरांड्यात माझा चहा असतो. कोणी त्याची तारीफ केली की माझं झाकण आनंदाने थडथडायचं. मंडळी माझ्यासाठीच येतात, अशी माझी पक्की समजूत होती.

एकाच्या बाबतीत ती खरीही होती. घरं रंगवणारा एक रंगारी बरोबर शेवटच्या प्रार्थनेला उगवायचा आणि व्हरांड्यात माझ्याशेजारी उभा राहायचा. चहा मिळाला की दोन बिस्किटं तोंडात, दोन खिशात. सगळे त्याला बिस्किटराव म्हणत. मला तो फार आवडायचा. पंचकाकांच्या मात्र तो डोळ्यांत सलायचा. हे काका चर्चच्या कारभारातले ज्येष्ठ, पहिल्या बाकाचे मानकरी.

एके दिवशी ते पाळकबाईंना म्हणाले, "चहा बंद करून बघू. मग कळेल, कोण ख्रिस्तासाठी येतं आणि कोण बिस्किटासाठी!"

काकांनी सगळ्यांना तसं कळवलं आणि मला आतल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. माझा जीव टांगणीला लागला. मी भंगारात जाईन याची भीती होतीच, पण बिस्किटराव आता कशाला येईल, या विचाराने मला जास्त वाईट वाटत होतं.

रविवारी मी कपाटाच्या फटीतून पाहिलं, तर निम्मे बाक रिकामे. मनात म्हटलं, बघा, माझ्यावाचून अडलं ना! इतक्यात पहिल्याच गीताला दार उघडलं आणि बिस्किटराव आत आला. नखांना निळा रंग, केस चापूनचोपून बसवलेले. शेवटच्या बाकावर बसून तो बेसूर, पण मोकळ्या गळ्याने गायला.

उपासना संपताच पंचकाकांनी त्याला गाठलं. "अरे, आज चहा नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे, काका. इतकी वर्षं चहासाठीच येत होतो, खोटं कशाला बोलू? पण वाट बघताना प्रार्थना कानावर पडायची. आता शिडीवर चढलो तरी तीच ओठांवर येते. मला उपासनेचा शेवट तोंडपाठ आहे. म्हटलं, आज सुरुवात ऐकावी."

पाळकबाई मिश्कीलपणे म्हणाल्या, "आणि काका, तुम्ही पहिल्यांदा कशासाठी आला होता हो? गाणाऱ्या मुलीला बघायलाच ना?"

ती गाणारी मुलगी म्हणजे आताच्या काकू. त्या तोंडावर हात धरून हसू लागल्या. काकांचे कान लाल झाले, मग तेही खदखदून हसले आणि स्वतःच कुलूप काढायला आले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

चहा सुरू झाला तशी गेलेली मंडळीही परतली. येऊ देत. मी कोणाला नाही म्हणत नाही. कोणाचं मन कधी वळेल, हे किटलीने ठरवायचं नसतं. बिस्किटराव चहाशिवाय आला, तेव्हाच माझाही गर्व उतरला. मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या किटलीला आतूनही घासत जा. बाहेरून तर सगळेच चमकवतात.

आता चहा बिस्किटरावच ओततो. परवा सगळ्यांना देऊन झाल्यावर त्याने स्वतःचा कप पुढे धरला, तर माझ्यात थेंबही उरला नव्हता. मी ओशाळले. तो मात्र हसला आणि मला पुसून, फळीवर ठेवून गुणगुणत घरी गेला.

पुढच्या रविवारी चर्चचं दार उघडायच्या आधीच तो पायरीवर हजर होता.