माझ्या अंगावरचे चोपन्न

मित्रांनो, मी शाळेची एक जुनी भिंत आहे आणि सध्या माझे डोके ठिकाणावर नाही. नवलाख उंबरे गावाच्या पुढे डोंगराला लागून एक वाडी आहे. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेच्या पडवीत मी उभी आहे. सगळे मला 'बोलकी भिंत' म्हणतात. कसली बोलकी? एक शब्द बोलता आला असता, तर ही वेळच आली नसती.

वाडीतल्या लोकांनी डोक्यावरून दगड वाहून मला उभे केले. पुढे गिलावा झाला, चुना झाला, आणि सात वर्षांपूर्वी बजरंग पेंटर आला. एरवी तो कारखान्याच्या गाड्यांवर नंबर घालायचा. हात सुरेख, पण लक्ष जेवणाच्या डब्याकडे. डाव्या हातात उजळणी धरून त्याने दोनपासून दहापर्यंतचे पाढे माझ्यावर निळ्या रंगात उतरवले. सातच्या पाढ्यात एकोणपन्नासपर्यंत आला आणि जेवायला गेला. परत आल्यावर नजर शेजारच्या सहाच्या पाढ्यावर पडली, आणि एकोणपन्नासच्या खाली त्याने लिहिले चोपन्न. रंग ओला होता. एक बोट फिरवले असते तरी पुसले असते, पण कोणी बघेल तर ना!

उलट माझे कौतुकच झाले. साहेब आले, माझ्यासमोर उभे राहून फोटो काढून गेले. पोरे रोज सकाळी घसा ताणून म्हणायची, "सात आठे चोपन्न, सात नव्वे त्रेसष्ट." माझा जीव तीळतीळ तुटायचा. उमेश सर माणूस वाईट नाहीत. त्यांना पाढे तोंडपाठ आहेत. पण शाळेत ते एकटेच, आणि मोबाइलवर माहिती भरता भरता त्यांची मान वर होत नाही. रोज ऐकले की चुकीचेही कानाला टोचत नाही.

शाळेत खिचडी शिजवणारी सरुबाई दुपारी माझ्या पायाशी बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावते. चौथीतली तेजल शाळा सुटली की तिच्याजवळ बसते.

"सात पत्रावळ्यांची पानं काढ, तेजे. एकीला आठ," सरुबाई एकदा म्हणाली. "ईसाईसानं मोज. आमी तसंच मोजतो."

तेजलने ढीग लावले. "दोन ईसा आन वर सोळा, मावशी."

"मंजी शाळंतलं किती?"

"छप्पन्न," तेजल म्हणाली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि पाने पुन्हा मोजली. तीनदा मोजली, तरी छप्पन्नच. शाब्बास गं पोरी! सात वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला पकडले होते. त्या दिवशी मला फार हलके वाटले.

पण माझे नशीबच फुटके. लोणावळ्याला पाढ्यांची स्पर्धा होती. शाळेतून एकच जण जाणार, तोही घोरावाडी स्टेशनवरून रेल्वेने. तेजल कधी रेल्वेत बसली नव्हती. तिने आठवडाभर पाढ्यांचा ध्यास घेतला होता. निवडीच्या दिवशी सरांनी मोबाइलमधून मान न काढता विचारले, "तेजल, सात आठे?"

"छप्पन्न."

पोरे फिदीफिदी हसली. "सर, भिंतीवर चोपन्न हाय."

"सर, मी मोजलंय. पानं मांडून."

"पानं कसली मांडतेस? भिंतीवर काय लिहिलंय ते म्हण."

अहो सर, एकदा मागे वळा! दोन पावलांवर मी उभी होते. सर वळले नाहीत. तेजलने माझ्याकडे पाहिले, हळूच "चोपन्न" म्हणाली आणि खाली बसली. नाव लागले तिच्याच वर्गातल्या प्रतीक्षाचे.

प्रतीक्षा लोणावळ्याला 'सात आठे चोपन्न' म्हणाली आणि पहिल्याच फेरीत बाद झाली. "हे तुला कुणी शिकवलं?" सरांनी परतल्यावर पडवीतच विचारले. ती म्हणाली, "भिंतीनं." तेव्हा कुठे सरांनी माझ्यासमोर उभे राहून बोट ठेवत सातचा पाढा वाचला. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ते चोपन्न खरवडले, छप्पन्न लिहिले आणि तेजलला बोलावले.

"चुकलं माझं, बाळा. पुढच्या वर्षी तू पाचवीला दुसऱ्या शाळेत जाशील, पण तिथंही स्पर्धा असते. आता सांग, सात आठे?"

तेजलने माझ्याकडे पाहिले, ओला आकडा नीट वाचला आणि मगच म्हणाली, "छप्पन्न."

अगं, माझ्याकडे कशाला बघतेस? मला लिहिता येत नाही, पाने मांडता येत नाहीत. उत्तर तुझे होते. आकडा दुरुस्त झाला, पण ही पोर बिघडवून ठेवली आपण, आणि त्यात मीही आहे.

मित्रांनो, माझ्यावर रेघोट्या मारू नका, पाठ टेकून माझा रंग घालवू नका, हे सांगायला मी बसले नव्हते. माझे एवढेच ऐका. वर्गात कोणी वेगळे उत्तर दिले, तर त्याला भिंतीकडे बोट दाखवू नका. त्याला विचारा, तू कसे मोजलेस? तेजलला ते अजून कोणी विचारलेले नाही.