पायाळू

समजा, तुम्ही डोंगरकडा गावाच्या शिवारात एका चिंचेखाली उभे आहात. फांदी मोडून ग्यानबा आत्ताच वरून खाली आला. पालथा पडून कण्हतो आहे, पण त्याच्या पायांची बोटं हलताहेत. नऊ वर्षांची त्याची लेक गोजर त्या बोटांकडेच बघते आहे.

"उसण भरली," शेजारचा संतराम म्हणाला. "गोजरे, ये. दे पाय."

गोजर पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी आले होते. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं सारं गाव मानायचं. कुणाची पाठ धरली की गोजरला बोलावणं यायचं आणि परतताना तिच्या हातात गुळाचा खडा असायचा.

"लेकीची लाथ खायला नशीब लागतंय, ग्यानबा!" संतराम हसला. "नुसता लावू नको गं. चढ. मोठी उसण हाय."

गोजर चढली. पायाखाली काहीतरी सरकलं. ग्यानबा ओरडला. ती उतरली तेव्हा बोटं थांबली होती.

हिंगोलीच्या वाटेवर, बैलगाडीत, ग्यानबा एकदाच बोलला. बायकोला, द्वारकाबाईला म्हणाला, "पोरीचं नाव कोनी काढायचं न्हाई."

दवाखान्यात डॉक्टर दत्तोपंतांनी टाचणीने त्याचे पाय टोचून पाहिले. ग्यानबाला काहीच जाणवलं नाही.

"मणका मोडलाय, कमरेच्या जरा वर. आता नीट आठवून सांगा. पडल्यावर पाय हलत होते का?"

"काहून, सायेब?"

"आधी हलत होते आणि मग गेले, तर मणक्याच्या आतली नसांची दोरी नुसती दबली असेल. दोन टेबलांच्या मधे तुम्हाला पालथं झुलतं ठेवून मणका जागेवर आणून बघता येईल. वरून प्लास्टर. तकलीफ फार होईल, खात्री नाही. पण करायचं तर आजच. पडताक्षणीच गेले असतील, तर दोरी तुटली. मग फळीवर निजवायचं. दुसरं माझ्या हातात काही नाही."

ग्यानबाने लेकीकडे पाहिलं. मग तो छताकडे बघू लागला.

"पडलो तवाच गेले."

"नक्की?"

"व्हय."

द्वारकाबाईने पदर तोंडात धरला. संतराम बैलांना पाणी दाखवायचं म्हणून बाहेर गेला. डॉक्टर हात धुवायला वळले.

"फळी आणा," त्यांनी कंपाउंडरला सांगितलं.

गोजर आईच्या मागून निघाली आणि खाटेच्या पायथ्याशी गेली. बापाच्या पायाचा अंगठा तिने चिमटीत धरला, वर-खाली हलवला.

"असा हलत होता," ती म्हणाली. "मी पाठीवर चढले, तवर."